ऊनाचा कौल

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही पाहणीला बाहेर पडलो. बोटीवर मी, माझा खलाशी डोनी आणि मत्स्यखात्याची ब्रायनी. हंगामाआधी खातं आमच्यातल्याच एकाची बोट भाड्यानं घेतं आणि मासेमारीला बंद असलेल्या समुद्राच्या पट्ट्यात ठरवून दिलेल्या दहा जागी ड्रेज ओढायला लावतं. तळ खरवडत जाणारा लोखंडी दात्यांचा पिंजरा तो. वाळूत निजलेली स्कॅलपची शिंपली त्यात येते. वर आलेली प्रत्येक शिंपली मोजायची. पाचात एकीपेक्षा जास्त जर नव्वद मिलिमीटरच्या आत भरल्या तर पट्टा बंदच राहतो. तिथे कुणाचं काही चालत नाही.

यंदा एकच पट्टा होता, बेटाच्या आडोशाचा. उत्तरेचा पट्टा आम्ही गेल्या वर्षी संपवला.

सकाळी वारा नव्हता. पाणी शिशासारखं होतं आणि गारठा गुडघ्यात शिरत होता; आमच्या दक्षिण गोलार्धात मेमध्येच हिवाळा लागतो. डोनीनं दोर ओढायची विंच चालू केली, मी ड्रेज सोडला, दहा मिनिटं ओढला, वर घेतला. शिंपल्या टेबलावर ओतल्या. ब्रायनी बोटांना टेप गुंडाळून बसली होती. एकेक शिंपली मापाला लावायची, आकडा टिपायची, बाजूला टाकायची.

"किती वर्षं शिकलीस गं तू?" डोनीनं तिला विचारलं.

"सहा."

"सहा वर्षं शिकून शिंपल्या मोजतेस. मी आठवीत शाळा सोडली आणि मीही शिंपल्याच मोजतो."

"पण मला बसायला खुर्ची मिळते," ब्रायनी म्हणाली.

डोनी हसला. चांगली मुलगी आहे ती. मागच्या वर्षी धक्क्यावर लोक तिला पाहून पाठ फिरवायचे, तेव्हाही ती नावं घेऊन नमस्कार करत जायची.

दुपारपर्यंत दहाही जागा झाल्या. आठात एक लहान निघाली. म्हणजे पट्टा पास. मग ब्रायनीनं चोवीस शिंपल्या सुरीनं उघडल्या, आतले गोळे गाबोळीसकट काट्यावर ठेवले आणि हिशेब केला.

"किलोला एकशे अठरा बसतात," ती म्हणाली. "पोकळ आहेत. पंचाण्णवच्या आत यायला हवेत. एक जूननंतर आणखी तीन आठवडे थांबलात तर येतील."

"ते मला नको सांगू. समितीला सांग," मी म्हणालो.

आकार खातं बघतं. पण मांस भरलं की नाही आणि तारीख कोणती धरायची, हे आमच्याकडे मच्छीमारांची समितीच ठरवत आली आहे. आणि समिती एकतीस वर्षं माझ्या बायकोला विचारत आली.

ऊना शिंपल्या उघडायच्या शेडमध्ये मुख्य होती. पाहणीतली एक थैली मी घरी आणायचो. ती वीसेक शिंपल्या उघडून पांढऱ्या ताटलीत मांडायची आणि उजव्या अंगठ्यानं गाबोळीच्या बुडाशी दाबायची. एकदाच. मग सांगायची, दहा दिवस. किंवा, उद्या काढा. तिनं सांगितलं की विषय संपला. तिची मैत्रीण मर्ल त्याला ऊनाचा कौल म्हणायची, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. तिचा कौल कधी चुकला नाही, असं गाव म्हणतं. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली.

ह्या वेळी थैली मी जॉसच्या घरी नेली. जॉस माझी मुलगी. तीही शेडमध्ये काम करते आणि आईच्या जागेवर आता तीच उभी राहते. समितीचा प्रमुख केल बेसंट तिला आधीच सांगून गेला होता की यंदा तू दाब.

"बाबा, तू बस. बोलू नकोस फक्त," ती म्हणाली.

तिनं शिंपल्या उघडल्या. आईसारखीच सुरी धरते, पातं आपल्याकडे. ताटलीत वीस गोळे मांडले. गाबोळीचं टोक नारिंगी, बूड पांढरट. तिनं हात पुसले, गरम पाण्यात बुडवले, पुन्हा पुसले. मग एकेकावर अंगठा ठेवत गेली. विसाव्यावर थांबली. तिचा चेहरा उजळला. अंत्यविधीनंतर तिला मी असं पाहिलं नव्हतं.

"लागतंय," ती म्हणाली. "बाबा, मला लागतंय हाताला. गेल्या वर्षी आईनं माझा अंगठा धरून दाबायला लावलं होतं ना, ह्याच टेबलावर? म्हणाली होती, असं लागलं की काढायचं. अगदी तसंच आहे हे. डिट्टो."

मी ताटली जवळ ओढून पाहिली.

"तयार आहे," ती म्हणाली. "ब्रायनी काय म्हणते?"

"तीन आठवडे."

"मागच्या वर्षीही तेच म्हणाली होती." जॉसनं ताटली उचलली. "तिचा काटाच तीन आठवडे मागे आहे. जेवतोस का? गोळे तळते हेच."

तिनं तळले. कढईत त्यांचं पाणी सुटलं आणि ते आक्रसून नखाएवढे झाले. ती कसलं तरी गाणं गुणगुणत होती. मी खाल्ले आणि घरी आलो.

मागच्या वर्षाचं सांगायला हवं.

ऊनाला केमो चालू होती. मार्चपासून तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, कधी परत येतं, कधी नाही. तिनं ते मला सांगितलं नव्हतं. एका सकाळी तिनं चहाचा पत्र्याचा मग उचलला, आणि मी बोलत होतो म्हणून ती तो धरून उभी राहिली. मी बोलायचा थांबलो तेव्हा मगातून निघणारी वाफ दिसली. तिच्या हातातून तो सोडवून घेतला तर चार बोटांना फोड. तिला कळलंच नव्हतं. फोडांकडे ती दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती.

"जॉसला सांगू नकोस," ती म्हणाली.

मी नाही सांगितलं.

मे महिन्यात मी थैली आणली. ब्रायनीचा आकडा एकशे सोळा होता. ऊनानं वीस शिंपल्या उघडायला पाऊण तास घेतला. पूर्वी सात मिनिटं लागायची. मग जॉसला बोलावलं, शिकवते म्हणाली. अंगठा ठेवला. ती गोळ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"रंग चांगला आहे ना?" तिनं विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणालो. मला रंगातलं काय कळतं. मी पकडून आणणारा.

"तयार आहेत," ती म्हणाली, आणि जॉसचा अंगठा धरून दाबला.

जॉस गेल्यावर मी विचारलं, "लागलं का हाताला?"

"एकतीस वर्षं दाबतेय, रेग."

मी पुढे विचारलं नाही. तिला तो हंगाम सुरू झालेला बघायचा होता, हे मला माहीत होतं. पुढचा दिसणार नाही हेही दोघांना माहीत होतं.

समितीनं ब्रायनीचं ऐकलं नाही. एक जूनला उत्तरेचा पट्टा उघडला. ऊना घोंगडी पांघरून शेडमध्ये खुर्चीवर बसली होती. पहिली टोपली आली, तिनं एक शिंपली मागून घेतली, उघडली. बराच वेळ आत बघत राहिली. मग सुरी ठेवली आणि म्हणाली, थंडी वाजतेय, घरी ने.

मांस पाण्यासारखं होतं. कारखान्यांनी आठवडाभर घेतलं आणि नाकारलं. पण तोवर सत्तावीस बोटींनी तळ उभा-आडवा खरवडला होता. ड्रेजखालून जी शिंपली वर येत नाही ती बहुतेक फुटते. जुलैत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा उत्तरेला फुटके तुकडे आणि चिखल वर येत होता. केल म्हणाला, पाणी उशिरा थंड झालं, त्यानं घोटाळा केला. सगळे म्हणाले, हो, पाण्यानंच.

त्या जुलैत दवाखान्यातून घरी येताना गाडीत ऊना म्हणाली होती, "केल म्हणतो पाणी उशिरा थंड झालं."

"हो."

"तसंच असेल."

त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

पाहणीनंतर समितीची सभा शुक्रवारी होती. मध्ये दोन दिवस. मी ड्रेजचे दाते बदलायला काढले. गेल्या हंगामाचे गंजून चिकटले होते. बोल्ट सुटत नव्हते, तेल सोडून हातोडीनं ठोकावे लागत होते. डोनी पाना धरायचा, मी ठोकायचो. माझा डावा खांदा वर जात नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कंबर वळवावी लागते. दुपारी दोघं धक्क्यावर बसलो आणि बेकरीतले ‘पाय’ खाल्ले, मैद्याच्या पारीत करी घातलेले स्कॅलप भरून भाजतात ते. बेकरीवाली मागच्या वर्षीचा गोठवलेला माल वापरत होती.

"एका पायमध्ये तीन तुकडे," डोनी म्हणाला. "त्यातला एक बटाटा."

"गप खा."

"जॉस तयार म्हणते ऐकलं. गाव खूश आहे. मर्ल म्हणत होती, ऊनाचा अंगठा पोरीला लागला."

मी बोटांना लागलेली करी पुसली.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"मला कधी विचारलंय कुणी?"

"ते आहेच." तो पाण्याकडे बघत राहिला. "नाही, पण हा एकच पट्टा उरलाय. हाही पोकळ निघाला तर मी बहिणीकडे मेंढ्यांवर जाणार. तिचा नवरा मला तसाही मेंढीच समजतो."

संध्याकाळी केल धक्क्यावर आला. साठीचा माणूस, मान आखूड, दोन बोटी. वाईट नाही. त्याच्या बापानं एका वर्षी तारीख लांबवली होती. ती भीती त्याच्या अंगात बसली आहे. त्या वर्षी सहा आठवडे थांबले आणि ड्रेज वर आला तो खुळखुळ्यांनी भरून. खुळखुळे म्हणजे मेलेल्या शिंपल्या, दोन्ही झाकणं जोडलेली आणि आत काही नाही. केल तेव्हा डेकवर होता. अजून सांगतो, तो आवाज कानातून जात नाही.

"रेग, शुक्रवारी ये हां," तो म्हणाला. "तू नुसता बसलास तरी पुरे. जॉसला बरं वाटेल."

"येतो."

"ऊनाचं नाव घेऊन सुरुवात करू. एक मिनिट उभं राहू."

"नको करूस ते."

"अरे, सगळ्यांना वाटतंय."

मी हातोडी उचलली.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणणार नाही. लागली. पहाटे जाग आली तेव्हा पहिला विचार असा आला की तीन आठवड्यांनी काय मोठं होणार आहे. कदाचित जॉसचंच बरोबर असेल. कदाचित पाणीच असेल. मी उठून चहा केला. मग पत्र्याच्या मगात न ओतता काचेच्या पेल्यात ओतला, आणि कळलं की दोष पाण्याचा नव्हता.

सभा फुटबॉल क्लबच्या खोलीत होती. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, कोपऱ्यात गॅसची शेगडी. तेवीस परवानेवाले, शेडमधल्या चार-पाच बायका, मागे उभे राहिलेले इतर. मर्ल पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. ती ऊनाच्या शेजारच्या जागेवर छत्तीस वर्षं उभी राहिली. केलनं ऊनाचं नाव घेतलं, सगळे एक मिनिट उभे राहिले. मीही राहिलो. माझ्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला, कोण ते मी वळून पाहिलं नाही.

ब्रायनीनं आकडे सांगितले. आकार पास. मांस किलोला एकशे अठरा. खात्याची सूचना अशी की बावीस जूनला उघडा.

"गेल्या वर्षी किती होतं?" केलनं विचारलं.

"एकशे सोळा."

"आणि तेव्हाही तू तीन आठवडे म्हणाली होतीस."

"हो. आणि मांस पोकळ निघालं."

"पाण्यामुळे," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाण्याचं तापमान माझ्याकडे आहे," ब्रायनी म्हणाली. "नेहमीपेक्षा फरक नव्हता."

"तुझ्याकडे आहे. समुद्राकडे वेगळं असेल," केल म्हणाला, आणि लोक हसले. "बाई, तुझ्यावर राग नाही. पण काटा एक सांगतो आणि जिनं एकतीस वर्षं दाबून बघितलं तिची पोर दुसरं सांगते, तर मी कुणाचं ऐकू? जॉस, तू सांग."

जॉस उभी राहिली. तिनं आईचा निळा स्वेटर घातला होता. "मी वीस दाबल्या," ती म्हणाली. "आईनं गेल्या वर्षी माझ्या हाताला जे दाखवलं तेच लागलं. मला आईइतकं कळत नाही. पण हे तेच आहे. तयार आहे."

"झालं मग," केल म्हणाला. "एक जून. हात वर करा."

मी उभा राहिलो.

"रेग, उभं नाही राहायचं. हात वर करायचा," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसले.

"गेल्या वर्षी ऊनाला हाताला काही लागत नव्हतं," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. ते जास्त अवघड होतं.

"केमोनं तिची बोटं बधिर झाली होती. मार्चपासून. गरम मग धरला तर फोड आले, तरी कळलं नाही. तिनं दाबलं ते नुसतं दाबलं. तिला हंगाम बघायचा होता. पाण्याचं काही नव्हतं. ब्रायनीचं बरोबर होतं. जॉसला तिनं जे शिकवलं ते पोकळ मांसावर शिकवलं. जॉसचा अंगठा चांगला आहे. त्याला तेच लागतंय जे गेल्या वर्षी होतं. गेल्या वर्षी तयार नव्हतं."

मर्लच्या सुया थांबल्या होत्या.

केल म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही."

"सत्तावीस बोटी, रेग."

"हो."

त्यानं नाकावर बोट घासलं आणि खाली बघितलं. मागचा एक जण म्हणाला, माझा पोरगा त्या हंगामामुळे खाणीवर गेला.

मी बसलो. जॉस अजून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीवरचं जाकीट उचललं आणि दारातून बाहेर गेली. दार हळूच लावून घेतलं.

हात वर झाले. बावीस जूनसाठी चौदा. एक जूनसाठी आठ. केल कुणाकडेच नव्हता, तो मोजत होता.

नंतरचे दिवस लांब गेले. लोक वाईट वागले असं नाही. धक्क्यावर मान हलवायचे. पण मी जवळ आलो की बोलणं थांबायचं. दुकानात एक बाई माझ्या हातातलं दूध बघून म्हणाली, गरम नाही ना ते, आणि मग तिलाच लाज वाटली. डोनीनं ड्रेजला रंग दिला, गरज नसताना. मी जाळीच्या कड्या बदलल्या. बाराशे कड्या, एकेक पकडीनं उघडायची आणि मिटायची. हात बिझी राहिले की बरं.

जॉस येत नव्हती. तिच्या घराच्या दिव्यावरून मला ती घरी आहे की नाही ते कळायचं.

अकराव्या दिवशी ती आली. मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो. ती कुंपणाशी उभी राहिली, आत आली नाही.

"मर्लला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं नको म्हटलं होतं."

"मग आता का सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"पट्टा एकच आहे, जॉस."

"ते मला कळतं, बाबा. मी मूर्ख नाही." तिनं कुंपणाची तार हलवली. "सभेआधी मला सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, मला नक्की कळत नाही, थांबा. एवढंच. आईचं नाव यायलाच नको होतं."

मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"नाहीतर म्हणायचंस की तू दाबलंस," ती म्हणाली. "आईला बरं नव्हतं म्हणून गेल्या वर्षी तू दाबलंस आणि तिच्या नावानं सांगितलंस. तुला कुणी काय म्हटलं असतं? रेग आहे, त्याला काय कळतं. हसले असते आणि थांबले असते."

हे मला सुचलंच नव्हतं. खरं सांगतो, अकरा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. खरं किंवा गप्प, एवढ्याच दोन वाटा मला दिसल्या होत्या.

"मला सुचलं नाही," मी म्हणालो.

"आईला सुचलं असतं," ती म्हणाली आणि गेली.

सरपण अर्धं फोडून झालं होतं. बाकीचं मी तसंच ठेवलं.

एकोणीस जूनला ब्रायनीनं पुन्हा एक खेप मारली, माझ्याच बोटीवर. नियमाप्रमाणे ती लागत नव्हती, तिनंच मागितली. किलोला एक्याण्णव. तिनं मला वही दाखवली. येताना डोनीनं तिला सुकाणू धरायला दिलं.

बावीसला पट्टा उघडला. उजाडायच्या आत तेवीस बोटी बेटाच्या बाहेर ओळीत उभ्या होत्या. चार परवानेवाले गेल्या हंगामानंतरच सोडून गेले होते. सात वाजता रेडिओवर केलचा आवाज आला, चला. सगळ्यांचे ड्रेज एकदमच पाण्यात पडले. नैर्ऋत्येचा वारा होता, पाऊस आडवा येत होता, बोटांना सुरकुत्या पडल्या. पण शिंपल्या जड होत्या. टेबलावर ओतल्या की आवाजच वेगळा. डोनीनं एक उघडून कच्चीच तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिला.

"मेंढ्या वाचल्या," तो म्हणाला.

दोनच्या सुमाराला आम्ही कोटा भरून धक्क्याला लागलो. केलची बोट आधी आली होती. तो दोर घ्यायला पुढे आला. माझा दोर त्यानं खुंटाला गुंडाळला, दोन वेढे जास्तच मारले.

"एक्याण्णव खरं निघालं," तो म्हणाला.

"हो."

"मी गेल्या वर्षीच ऐकायला हवं होतं त्या पोरीचं. तू नाही बोललास ते आहेच. पण ऐकायचं काम माझं होतं." तो थुंकला. "माझ्या डोक्यात खुळखुळे वाजतात रे. त्यापुढे काही ऐकू येत नाही."

एवढं बोलून तो गेला.

टोपल्या शेडमध्ये न्यायच्या होत्या. डोनी ट्रॉली आणायला गेला, मी एक टोपली खांद्यावर घेतली, उजव्या. शेडचं मागचं दार प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आहे. आत नळ वाहत होते आणि तीस बायकांच्या सुऱ्या चालत होत्या. त्या आवाजात बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं. मर्ल मोठ्यानं बोलत होती. मी पट्ट्यांच्या अलीकडे थांबलो, कारण मला ऊनाचं नाव ऐकू आलं.

तिच्या जाण्यानंतर शेडमध्ये तिचं नाव कुणी नीट घेतच नव्हतं. घेतलं तरी देवळात बोलल्यासारखं हळू. तिची सुरी पुसून ठेवायचे. मला वाटलं होतं, आता तेही संपलं. आता नाव निघेल ते त्या बधिर बोटांसाठीच.

"एकोणीस वर्षांची होती," मर्ल सांगत होती. "पहिलाच दिवस. गाबोळी ठेवायची हे तिला कुणी सांगितलंच नाही. हिला वाटलं ते नारिंगी म्हणजे सडलेलं. बसली कापत. अख्खी टोपली. गाबोळ्या काढून खिडकीतून सीगलना. सीगल म्हणजे, बाई, एकावर एक."

"खोटं," कुणीतरी म्हणालं.

"शपथ. मुकादम आला. म्हणाला, गाबोळ्या कुठायत? ही म्हणते कशी, सीगल आत आले आणि खाऊन गेले. तो म्हणाला, फक्त गाबोळ्या खाल्ल्या? मांस ठेवलं? ही म्हणते, हो, निवडून."

सुऱ्या थांबल्या होत्या. बायका हसत होत्या, ओल्या हातांच्या मनगटांनी डोळे पुसत होत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात ऊनानं मला हे सांगितलं नव्हतं. टोपलीतलं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. ती खाली ठेवली असती तर आवाज झाला असता, म्हणून तशीच धरून उभा राहिलो.

पट्ट्यांतून मला जॉसची पाठ दिसत होती. ती हसत नव्हती. तिची सुरी अर्ध्या उघडलेल्या शिंपलीत तशीच होती. मर्ल श्वास घ्यायला थांबली.

"मग?" जॉस म्हणाली. "मुकादम काय म्हणाला?"